परदेशातील शाळा आणि स्वदेशातील शिष्यवृत्ती

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्याच्या मागील वर्षी मार्गशीर्षातील एका सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी आपल्या कन्येस घेऊन माझ्याकडे आला. नाशकात थंडी चांगलीच पडली होती. हा विद्यार्थी मी चौथीच्या वर्गात शिकविलेला. पुढे पोटापाण्यासाठी तो मस्कतला गेला, तेथील एका गोदामात भांडारपाल म्हणून अठरा वर्षे राबला, आणि ती पेढी बंद पडल्यावर कुटुंबासह नाशकास परतला. मुलीचे सारे शिक्षण मस्कतच्या भारतीय शाळेत झालेले. बारावीला तिला उत्तम गुण होते व येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिचा प्रवेशही झाला होता. त्याच्या हाती एक छापील कागद होता. शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाल्याचे त्यावर लिहिलेले होते.

“गुरुजी, एवढे वाचून सांगा,” तो म्हणाला.

मी कागद वाचला, परंतु मी काही बोलण्यापूर्वीच त्या मुलीने मला विचारले, “आजोबा, मी भारताची नागरिक आहे ना? माझ्या पासपोर्टावर तसे लिहिले आहे. मग माझा अर्ज नामंजूर का?”

श्रोतेहो, माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही. छत्तीस वर्षे लहान मुलांस पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेली. मुलीच्या प्रश्नाला त्या दिवशी मजजवळ उत्तर नव्हते, आणि हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. मात्र त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. पुढील काही महिने मी तहसील कचेरी, महाविद्यालयांची कार्यालये व छापील नियमपुस्तिका यांच्यामागे घालविले. त्यातून जे उमगले ते आज आपणांसमोर ठेवीत आहे. आपल्या आप्तेष्टांत परदेशी नोकरीस असलेले एखादे तरी कुटुंब असेलच. त्यांच्या ते उपयोगी पडावे.

प्रथम सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढील तपशिलात ती हरवणार नाही. सरकारी शैक्षणिक साहाय्य केवळ नागरिकत्वाच्या मागे जात नाही. विद्यार्थ्याने कोणत्या वाटेने महाविद्यालयात प्रवेश घेतला, त्या वाटेच्या मागे ते जाते. म्हणून शिष्यवृत्तीचा विचार प्रवेश झाल्यावर करावयाचा नसतो, तो प्रवेशापूर्वी करावयाचा असतो. माझ्या विद्यार्थ्याने नेमके उलट केले होते, आणि त्याचे मोल त्याच्या मुलीस द्यावे लागले.

अशी कुटुंबे थोडी नाहीत. रत्नागिरीपासून नाशिकपर्यंत कितीतरी घरांतील कर्ती माणसे मस्कत, दुबई, कुवेत, दोहा येथे नोकरी करीत आली आहेत. ह्या देशांत कितीही वर्षे राहिले तरी तेथील नागरिकत्व सहसा मिळत नाही. नोकरी सुटली की परतावेच लागते. कधी कधी तर एका रात्रीत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांस अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत शाळेत जाणारी मुले होती, ज्यांची पुस्तकेदेखील तेथेच राहिली. अशी मुले मनाने व कागदाने भारतीयच असतात. परंतु त्यांची शाळा मात्र परदेशी असते. त्यांना येथील महाविद्यालयांत साहाय्य मिळते की नाही, हा आजचा प्रश्न आहे. उत्तर असे की मिळते. पण पाच प्रश्नांची उत्तरे क्रमाने द्यावी लागतात.

पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. हा सोपा वाटतो, तितका तो सोपा नाही. आई-वडील भारतीय असले म्हणजे परदेशात जन्मलेले मूल आपोआप भारतीय ठरते, असा पुष्कळांचा समज आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत तेथील भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांस लिहून द्यावे लागते. वर्ष उलटून गेले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. ही नोंद झालेली नसेल तर पुढील सारी इमारत डळमळते. माझ्या विद्यार्थ्याने ही नोंद वेळेवर केलेली होती.

अमेरिकेत किंवा इंग्लंडात जन्मलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांतील पुष्कळांजवळ तेथील नागरिकत्व असते व आपल्याकडे ‘ओसीआय’ म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक असे ओळखपत्र असते. नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे केवळ भारतीय नागरिकांकरिता राखलेल्या जागांवर ह्या विद्यार्थ्यांस हक्क सांगता येत नाही. अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी मात्र ते अर्ज करू शकतात. ही अधिसूचना निघण्यापूर्वीच ज्यांनी असे ओळखपत्र घेतले होते, त्यांचे पूर्वीचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये राखून ठेवले. आजचे माझे भाषण मुख्यतः भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांविषयी आहे.

दुसरा प्रश्न परीक्षेचा. परदेशात उत्तीर्ण झालेली बारावी येथील बारावीच्या तोडीची धरतात काय? आखाती देशांतील पुष्कळ भारतीय शाळा आपल्याच केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. तेथील परीक्षा म्हणजे दिल्लीच्याच मंडळाची परीक्षा. समकक्षतेचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. ज्या मुलांनी केंब्रिजची किंवा एखाद्या परकीय देशाची शालान्त परीक्षा दिली असेल, त्यांना समकक्षतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. हे काम भारतीय विद्यापीठ संघ करीत आला आहे. ही संस्था १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ ह्या नावाने स्थापन झाली. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही परकीय पदव्या व शालेय परीक्षा यांच्या समकक्षतेसाठी स्वतःचे विनियम केले आहेत. हे प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो. प्रवेशाच्या आठवड्यात त्यासाठी धावाधाव करणे व्यर्थ होय. निकाल लागताच अर्ज करावा.

तिसरा प्रश्न अधिवासाचा, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. नागरिकत्व देशाचे असते. अधिवास हा राज्यातील कायम वास्तव्याचा पुरावा असतो.

एकाच देशाच्या दोन नागरिकांत असा भेद करणे न्याय्य आहे काय? हा वाद फार जुना आहे. मध्य भारत राज्य असताना इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात राज्यातील रहिवाशांस प्रवेशशुल्काची एक मोठी रक्कम माफ होती आणि बाहेरच्यांस ती भरावी लागे. दिल्लीच्या जोशी नावाच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी १९५५ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की राज्यघटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, वास्तव्यावरून नव्हे. आपल्या रहिवाशांच्या शिक्षणास साहाय्य करण्यात राज्याचा हेतू रास्त आहे. पुढे १९८४ साली डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की खऱ्या कायदेशीर अर्थाने भारतात अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्ये ज्यास अधिवास म्हणतात ते वस्तुतः कायम वास्तव्य होय. ह्या दोन निर्णयांवरून मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. ती नागरिक होती हे खरे. परंतु राज्याची तिजोरी आपल्या रहिवाशास ओळखते, आणि रहिवासी असल्याचे दाखवावे लागते.

आता जी मुलगी कधी महाराष्ट्रात राहिलीच नाही, तिने ते कसे दाखवावे? ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ असे जे प्रमाणपत्र तहसील कचेरीतून मिळते, त्यासाठी सामान्यतः राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. मस्कतमध्ये वाढलेल्या मुलीस हे अशक्य. येथे पुष्कळ पालक हताश होऊन परततात. परंतु नियम नीट वाचला तर दार बंद नाही असे दिसते. अभियांत्रिकी व तत्सम अभ्यासक्रमांच्या राज्यस्तरीय प्रवेशात महाराष्ट्राच्या उमेदवारांचे निरनिराळे प्रकार केलेले आहेत. ‘अ’ प्रकारात दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली आणि येथील अधिवास किंवा जन्म असलेली मुले येतात. ‘ब’ प्रकारात, जी ‘अ’ मध्ये बसत नाहीत परंतु ज्यांचा स्वतःचा, अथवा वडिलांचा वा आईचा, अधिवास महाराष्ट्रात आहे, अशी मुले येतात. ‘क’ व ‘ड’ हे प्रकार केंद्र व राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत, आणि ‘इ’ हा प्रकार सीमाभागातील मराठी भाषिक मुलांसाठी.

म्हणजे मुलगी मस्कतला शिकली असली तरी वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा असेल तर ती ‘ब’ प्रकारात महाराष्ट्राचीच उमेदवार ठरते. तिची शाळा कोठे होती हा प्रश्न तेथे आड येत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा जन्म नाशिक जिल्ह्यातला, शिक्षण येथले, परदेशी जाईपर्यंत सव्वीस वर्षे तो येथेच राहिलेला. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका व घरपट्टीच्या पावत्या एवढ्यावर त्याचे काम होण्यासारखे होते. परंतु असे प्रमाणपत्र काढावयाचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. वैद्यकीय अभ्यासक्रमांचे नियम याहून कडक आहेत. राज्याच्या कोट्यातील जागांसाठी तेथे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागतात. सवलत आहे ती काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारख्या ठरावीक वर्गांनाच. ज्यास आपल्या मुलास डॉक्टर करावयाचे असेल त्याने त्यास दहावीच्या आधी मायदेशी पाठविण्याचा विचार करावा, किंवा अखिल भारतीय कोट्यावर भिस्त ठेवावी. बारावी झाल्यावर ह्या नियमास उपाय राहत नाही.

चौथा प्रश्न प्रवेशाच्या वाटेचा; माझ्या मते हाच साऱ्यांचा कळीचा मुद्दा. खासगी व्यावसायिक महाविद्यालयात शिरण्याच्या वाटा अनेक असतात. पहिली वाट राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेची व तीनंतरच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांची. दुसरी संस्थास्तरावरील जागांची. तिसरी अनिवासी भारतीयांच्या जागांची. इनामदार यांच्या खटल्यात ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांस अशा जागा १५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्यास मुभा दिली. तेथे शुल्क अधिक असते. आणि ह्या जागांतून मिळणारा पैसा दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या हितासाठी वापरावा असेही त्याच निर्णयात म्हटले आहे. पाहा कसा विरोधाभास आहे! ज्या जागेवर बसून दुसऱ्याच्या साहाय्याला हातभार लावावयाचा, त्या जागेवर स्वतः साहाय्य मागणारा मनुष्य बसला तर त्याच्या पदरी काय पडणार?

माझ्या विद्यार्थ्यास एका ओळखीच्या गृहस्थाने सल्ला दिला होता की, “तुम्ही परदेशातून आलेले, सामायिक परीक्षेच्या भानगडीत कशाला पडता? तुमच्यासाठी वेगळ्या जागा असतात.” सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. मुलीने सामायिक परीक्षा दिली नाही; संस्थास्तरावरील जागेवर प्रवेश घेतला; अठरा वर्षांच्या शिलकीतून पहिल्या वर्षाचे शुल्क भरले; आणि नंतर शिष्यवृत्तीचा अर्ज केला. तो नामंजूर होणे त्या क्षणीच ठरलेले होते, कारण केंद्रीभूत फेरीतून प्रवेश झालेला असणे ही त्या शिष्यवृत्तीची पहिली अट आहे. मुलीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे.

एक चौथी वाटही आहे. ती फार थोड्यांस ठाऊक असते. तंत्रशिक्षण संस्थांत परदेशस्थांसाठी ज्या अधिसंख्य जागा असतात, त्यांतील एक तृतीयांश आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी राखलेल्या आहेत, आणि त्या मुलांकडून देशातील विद्यार्थ्यांइतकेच शुल्क घ्यावयाचे असते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणजे ‘एनआयटी’ यांमध्येही अशी तरतूद आहे. मात्र वडील अद्याप तेथे नोकरीत असल्याचा दाखला लागतो. म्हणून नोकरी संपवून परतण्यापूर्वीच हा विचार व्हावा.

आता पाचवा प्रश्न, साहाय्य कोणते व किती? मुख्य मुख्य योजना सांगतो.

राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या वर्गातील आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, महाराष्ट्राचा अधिवास असेल व प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झाला असेल, तर शिक्षण शुल्काचा अर्धा भाग शासन भरते. एका कुटुंबातील दोनच अपत्यांस हा लाभ आहे. अभिमत व खासगी विद्यापीठे ह्या योजनेबाहेर आहेत. ‘विद्यापीठ’ ही पाटी पाहून पालक हर्षभरित होतात. तेथेही आधी चौकशी करावी.

मुलींसाठी याहून मोठी सवलत आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास ह्या वर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे. अट तीच, प्रवेश केंद्रीभूत फेरीतून असला पाहिजे.

केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक गुणवत्ता शिष्यवृत्ती २००८ पासून चालू आहे. बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि ४ लाख ५० हजारांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांस पदवीच्या काळात दर वर्षी १२ हजार रुपये मिळतात. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती घेणाऱ्यास मात्र ती मिळत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाची परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती २००६-०७ साली सुरू झाली. तिच्यात दर वर्षी १५० विद्यार्थ्यांस संस्थेच्या खर्चाच्या तीन चतुर्थांश, परंतु वर्षाला ४,००० अमेरिकन डॉलरांहून अधिक नाही, इतके साहाय्य देण्याची योजना आहे. त्यांतील एक तृतीयांश जागा आखाती देशांसारख्या, कामगारांस जाताना परवानगीची तपासणी करावी लागते अशा देशांत राबणाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत. अनिवासी भारतीयांच्या मुलांनी गेल्या सहा वर्षांत अकरावी-बारावी धरून किमान तीन वर्षे परदेशात शिकलेले असावे, अशी तिची अट आहे. इतरत्र जी परदेशातील शाळा अडचण वाटते, तीच येथे पात्रता ठरते. जागा थोड्या व संस्थाही ठरावीक आहेत; तरी अर्ज करण्यास काय हरकत आहे?

आणि कोणतीही शिष्यवृत्ती न मिळाली तर कर्ज. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्यात निवडलेल्या संस्थांत गुणवत्तेने प्रवेश मिळविणाऱ्यास तारण वा जामीन न देता कर्ज मिळू शकते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, दुसरा सरकारी लाभ न घेणाऱ्या विद्यार्थ्यांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे. लक्षात घ्या, गुणवत्तेने प्रवेश ही अट येथेही आहेच.

उत्पन्नाविषयी दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. माझ्या विद्यार्थ्यास आणखी एक सल्ला मिळालेला होता. परदेशातील पगारावर भारतात कर बसत नाही, तेव्हा तो उत्पन्नाच्या दाखल्यात दाखविण्याचे कारण नाही, असा. तो मला म्हणाला, “गुरुजी, सगळे असेच करतात.” मी म्हटले, “अरे, कर बसतो की नाही हा एक प्रश्न, आणि घरात पैसा येतो की नाही हा दुसरा. दाखला दुसऱ्या प्रश्नाचा आहे.” शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न धरावयाचे असते. खोट्या दाखल्यावर मिळविलेले साहाय्य पुढे परत करावे लागू शकते, आणि त्या वेळी नाव पालकाचे नव्हे, मुलीचे जाते. आम्ही कागद घेऊन हिशेब केला. ८ लाखांची मर्यादा म्हणजे दरमहा सुमारे ६६ हजार रुपये. त्याच्या रियालांचे रुपये करून, नाशकातील खोलीचे भाडे मिळवूनही बेरीज मर्यादेच्या आतच राहिली. जे लपविण्याचा तो विचार करीत होता, ते लपविण्याची गरजच नव्हती.

मुलीसाठी पूर्ण शुल्कमाफी मागावयाची तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला हवा होता. त्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्यापूर्वी महाराष्ट्रात रहिवासी असल्याचा पुरावा लागतो. आता एवढा जुना कागद कोठून आणावयाचा? मुलीचे आजोबा सिन्नर तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत शिकलेले. आम्ही तिघे एसटीने तेथे गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. परंतु बोरूने लिहिलेली अक्षरे शाबूत होती. त्यांत आजोबांचे नाव, गाव, जन्मतारीख, आणि १९५८ साली शाळा सोडल्याचा शेरा सापडला. मुलीने त्या ओळीवर बोट ठेवले व बराच वेळ काही बोलली नाही.

मीही त्या वेळी माझ्या मनात खजील झालो. अशी कितीतरी रजिस्टरे मी नोकरीत भरली. कंटाळून, घाईघाईने, कधी गाव लिहावयाचे राहूनही गेले असेल. मस्कतच्या शाळेच्या सुबक छापील प्रगतिपुस्तकाने जे काम झाले नाही, ते एका अनाम शिक्षकाने सावकाश लिहिलेल्या ओळीने केले. शाळांच्या चालकांस माझी विनंती आहे की ही रजिस्टरे जपा. तुमच्या शाळेत ज्याने पाय ठेवला नाही अशा नातवंडाचे शिक्षण त्यांवर अवलंबून असते.

पुढे काय झाले ते सांगतो. मुलीने ती जागा सोडली. भरलेल्या रकमेपैकी काही भाग परत मिळाला, काही बुडाला. पुढील वसंतात तिने सामायिक परीक्षा दिली, वडिलांच्या अधिवासावर ‘ब’ प्रकारात अर्ज केला, आणि केंद्रीभूत फेरीतून तिला नाशकातच प्रवेश मिळाला. शिक्षण शुल्क माफ झाले. परंतु आयुष्यातील एक वर्ष गेले, आणि ते केवळ माहितीच्या अभावी गेले. तिचा धाकटा भाऊ आता दहावीत आहे. त्याच्यासाठीचे कागद एका पिशवीत आधीच जमविलेले आहेत.

परदेशी असलेल्या आपल्या आप्तांस आपण पत्र लिहाल वा दूरध्वनी कराल, तेव्हा पुढील क्रम त्यांस सांगावा. मूल जन्मताच वकिलातीत नोंद. मूल नववीत असताना डॉक्टर की अन्य काही, याचा निर्णय. कारण दहावी कोठून द्यावयाची ते त्यावर ठरते. सुटीवर मायदेशी याल तेव्हा वडिलांचे किंवा आईचे अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवणे, आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेतील उतारा मिळविणे. बारावीच्या वर्षी हिवाळ्यातच सामायिक परीक्षेच्या अर्जाची तारीख पाहणे. परीक्षा परकीय मंडळाची असेल तर निकालाबरोबर समकक्षतेचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला खरा. आणि शिष्यवृत्तीचे नियम वाचल्याखेरीज कोठेही एक रुपयादेखील शुल्क न भरणे. उत्पन्नाच्या मर्यादा व रकमा सरकार वेळोवेळी बदलीत असते. तेव्हा त्या त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. माझ्या भाषणावरही नाही.

माझ्या विद्यार्थ्याची कन्या परवा माझ्याकडे आली होती. तिच्या महाविद्यालयात कुवेतहून आलेली एक मुलगी अर्ज कसा भरावा म्हणून गोंधळली होती; तिला हिने सर्व समजावून दिले. “आजोबा,” ती म्हणाली, “तिनेही मला तेच विचारले, मी नागरिक आहे ना?” मी विचारले, “मग तू काय सांगितलेस?” ती म्हणाली, “मी म्हटले, आहेस. आता बाबांचा दाखला काढ.”